हाकेची पेटी

एका डोंगराच्या उतारावर एक वाडी होती. वाडी म्हणजे काय, तर एक घर इथं, दुसरं काजूच्या झाडांमागं, तिसरं ओहोळाच्या पलीकडं. मध्ये रान आणि गडगे. गडगे म्हणजे नुसते दगडावर दगड रचून केलेल्या भिंती. एका घराच्या दारातून दुसऱ्या घराचं जेमतेम छप्पर दिसायचं. ऐकू मात्र सगळं यायचं, कारण डोंगरात आवाज लांबवर चालतो.

त्या वाडीची एक रीत होती. दिवेलागण झाली की सगळ्यात वरच्या घरातलं माणूस अंगणात यायचं आणि खालच्या घराला नावानं हाक मारायचं, "आहात का?" खालच्यानं "आहे हो" म्हणायचं आणि लगेच त्याच्या खालच्याला हाक मारायची. अशी ती हाक उतारानं खाली जायची, ओहोळ ओलांडायची, पलीकडच्या अंगानं वर चढायची आणि फिरून पहिल्या घराला येऊन मिळायची. मग ज्यानं त्यानं घरात जावं, जेवावं, निजावं.

ही रीत कशी पडली, तर म्हणे फार पूर्वी एक म्हातारी गोठ्यात पडली. पाय मोडला, ओरडून ओरडून घसा सुकला, आणि कुणाला पत्ताच नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. वाडीला लाज वाटली. तेव्हाची माणसं लाज वाटली की काहीतरी करायची, नुसती हळहळत बसायची नाहीत. त्यांनी ही हाक सुरू केली.

एखाद्या घरातून उत्तर आलं नाही, तर वाडीतली माणसं पुढ्यातलं ताट सारून उठायची आणि त्या दाराशी जमायची. बहुतेक वेळा काही झालेलं नसायचं. कुणाला डुलकी लागलेली असायची, कुणी न सांगता सासुरवाडीला गेलेलं असायचं. मग त्याला सगळ्यांनी मिळून झाडायचं, हसायचं, चहा उकळायचा. पण एकदा खरंच पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, आणि माणसं धावली म्हणून तो माणूस वाचला. नंतर तो नातवंडांची लग्नं बघून मेला.

आणि हाकेबरोबर काय काय जायचं म्हणून सांगू. गाय व्यायली, चीक पाठवते. जावई आलाय, कोंबडा आहे का कुणाकडे? कुणाचा आवाज बसलेला वाटला, की सकाळी त्याच्या दारात आल्याचा काढा. दोन भावांचा एका गडग्यावरून कोर्टात दावा चालला होता. दिवसा वकिलांच्या दारात एकमेकांकडे पाठ करून बसायचे, आणि संध्याकाळी "आहेस का?" "आहे." तोंड कारलं चावल्यासारखं करून म्हणायचे, पण म्हणायचे.

आता खरं सांगायचं तर ही रीत म्हणजे जाचही होता. पाऊस असो, पाहुणे असोत, नवऱ्याशी भांडण झालेलं असो, त्या वेळेला अंगणात येऊन उभं राहावंच लागायचं. पण जाच सगळ्यांना सारखाच होता, म्हणून कुणी फारसं बोलत नसे.

या वाडीत विश्राम नावाचा एक गृहस्थ राहायला आला. आला म्हणजे परतला. जन्म इथलाच, पण उभी हयात शहरात गेली. शाळेच्या घंटा आणि स्टेशनांवरचे भोंगे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला होता. हात मोठा हुशार. शहरात तो ज्या इमारतीत राहिला, तिथे भिंतीपलीकडच्या माणसाचं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. कुणाची कटकट नाही, असं तो कौतुकानं सांगायचा. एकदा तिथे तो तापानं फणफणला होता, तेव्हा बायकोनं एकटीनं रात्र काढली, आणि सकाळी शेजाऱ्यानं दार वाजवलं ते टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला. पण हे तो कुणाला सांगत नसे.

नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन शहरातच राहिली, आणि विश्राम बायकोला, शेवंताला, घेऊन वाडीत आला. पहिल्या संध्याकाळी वरच्या घरातून कृष्णाकाकीची हाक आली. कृष्णाकाकी एकटी राहायची. मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. तिनं लहानपणी विश्रामला अंगाखांद्यावर खेळवलेलं. ती म्हणाली, "विश्रामा, आलास का रे बाबा? आहेस ना?"

कितीतरी वर्षांत विश्राम आहे की नाही असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो "आहे गं काकी" म्हणाला, आणि खालच्या सखारामतात्याला हाक मारताना त्याचा आवाज कापला. शेवंतानं ते ऐकलं.

पण माणसाचं काय असतं, बघा. पोट भरलं की त्याला भुकेची आठवण राहत नाही. वर्ष गेलं आणि त्याच हाकेचा विश्रामला कंटाळा यायला लागला. ऐन रंगात आलेला सामना सोडून उठायचं, चपला शोधायच्या, अंगणात जाऊन ओरडायचं. काकी नुसती हाक मारून थांबत नसे. आज काय केलंस, जेवलास काय, गुडघा कसा आहे. उत्तरं देईपर्यंत इकडे गडी बाद झालेला असायचा. विश्रामला वाटायचं, एवढी माणसं रोज एवढा घसा फोडतात, आणि कशासाठी? तर फक्त एक शब्द ऐकण्यासाठी, 'आहे'. तेवढ्याला माणूस कशाला हवा?

मग त्यानं एक पेटी केली. बिस्किटांच्या डब्याएवढी, लाकडाची, उन्हावर चालणारी. हाक ऐकू आली की ती विश्रामच्याच आवाजात "आहे, आहे" म्हणायची आणि पुढे "तात्या, आहात का?" अशी हाकही द्यायची. दिवसा ती निजलेली असायची, पण दिवेलागण जवळ आली की तिचे कान फार तिखट व्हायचे. कुजबुजलं तरी तिला कळायचं. त्यानं ती पडवीच्या खांबाला टांगली आणि दिवेलागणीला आत बसून पाय पसरून सामना पाहिला. हाक आली, उत्तर गेलं, हाक पुढे गेली. विश्राम एकटाच खूप हसला.

काकीला पहिल्यांदा शंका आली. ती म्हणाली, काय रे, आज आवाज अगदी खणखणीत? पेटी म्हणाली, आहे, आहे. काकीनं विचारलं, फणसाचे गरे पाठवू का? पेटी काहीच बोलली नाही, कारण तिचं काम झालं होतं. काकीनं दुसऱ्या दिवशी शेवंताला गाठून विचारलं, विश्राम माझ्यावर रागावलाय का गं? शेवंताला खोटं बोलता येईना. तिनं खांबावरची पेटी दाखवली.

बातमी वाडीभर झाली. तुम्हाला वाटेल, वाडी विश्रामवर तुटून पडली असेल. कसलं काय? आठवड्याच्या आत त्याच्या दारात रांग लागली. एकाचे गुडघे दुखत होते, एकीची मालिका नेमकी त्याच वेळेला लागायची, एकाला तालुक्याहून यायला उशीर व्हायचा. भांडणाऱ्या दोन भावांना तर इतका आनंद झाला, की दोघांनी पेट्या एकाच दिवशी नेल्या. विश्रामनं कुणालाही नाही म्हटलं नाही. तो भला माणूस होता, हे विसरू नका. त्याला लोकांचा त्रास वाचवायचा होता.

देवीच्या जत्रेत त्याला शाल आणि नारळ देण्यात आला. शाळेचे गुरुजी भाषणात म्हणाले, की विश्रामरावांनी परंपरा आणि विज्ञान यांचं लग्न लावलं. टाळ्या झाल्या. आता हाक रोज अगदी ठरल्या वेळी निघायची, कुठे अडखळायची नाही, कुणाला खोकला यायचा नाही. बाहेरगावची माणसं मोटारी घेऊन ती ऐकायला यायची, फोन वर धरून चित्रण करायची. तालुक्यानं वाडीला एकीबद्दल ढाल दिली. ती देवळात लावली.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. घराघरांमधल्या पायवाटांवर गवत चढलं. गडग्यांचे दगड घसरले, ते कुणी परत चढवले नाहीत. पूर्वी येता-जाता माणूस एखादा दगड उचलून जागेवर ठेवायचा. आता येणारंजाणारंच कुणी नव्हतं. चीक कुणाकडे जात नव्हता, काढा कुणाकडे येत नव्हता. ज्याला जे हवं ते तो फोनवरून मागवायचा, आणि ते सडकेवर येऊन पडायचं.

कृष्णाकाकीनं तेवढी पेटी घेतली नाही. माझा आवाज माझी मी देईन, म्हणायची. रोज अंगणात येऊन विश्रामला हाक मारायची, आणि रोज पेटीचं उत्तर ऐकायची. असे बरेच महिने गेले. मग एक दिवस ती काठी टेकत उतरून विश्रामच्या पडवीत आली. बसली, पाणी प्यायली. म्हणाली, दे बाबा मलाही एक. मी तरी कुणाशी बोलू, लाकडाशी?

विश्रामला बरं वाटलं. राहिलेलं एक घरही आता जोडलं गेलं. त्यानं पेटी काकीच्या तोंडासमोर धरली आणि सांगितलं, काकी, नुसतं 'आहे' म्हण. काकीनं थोडा वेळ पेटीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "विश्रामा, आहे रे. सवड झाली की येऊन जा."

एवढं कशाला बोललीस, असं विश्राम म्हणणार होता. पण पुन्हा आवाज भरायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला काकीची पेटी म्हणायची, विश्रामा, आहे रे, सवड झाली की येऊन जा. विश्रामची पेटी म्हणायची, आहे, आहे. लोकांना मोठी गंमत वाटायची. विश्रामला पहिले काही दिवस ते ऐकून खायला उठायचं. उद्या जाऊ, असं तो मनाशी म्हणायचा. मग त्याला त्याची सवय झाली, आणि नंतर ते ऐकूच येईनासं झालं.

पुढे एका सकाळी सुकी कोकमं घेणारा व्यापारी विश्रामच्या दारात आला. तो म्हणाला, वरच्या काकी दार उघडत नाहीत. विश्राम म्हणाला, असेल मागच्या दारी, काल संध्याकाळीच तर बोलली. बोलला, आणि बोलता बोलता चपला न घालताच वरच्या वाटेला लागला.

दार फोडावं लागलं. काकी चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. जाऊन किती दिवस झाले होते, ते कुणाला सांगता येईना. चुलीशेजारी एका ताटलीत दोन कप धुऊन उपडे ठेवलेले होते. एकट्या बाईच्या घरात दोन कप. शेवंतानं ते पाहिले, आणि ती तिथेच खाली बसून रडायला लागली.

काकीला नेऊन माणसं परत आली तोवर दिवेलागण झाली. वाडी सुतकी तोंडं करून ओहोळापाशी उभी होती. आणि वरच्या रिकाम्या घरातून काकीचा आवाज आला, "विश्रामा, आहे रे. सवड झाली की येऊन जा." विश्राम वर धावला आणि त्यानं पेटीच्या तारा हिसडून तोडल्या.

दिवसकार्य झाल्यावर वाडी देवळात जमली. सगळ्यांच्या मनात एकच होतं. सखारामतात्या खालमानेनं म्हणाला, की आपल्या हातून पाप झालं, त्या पेट्या ओहोळात टाकून देऊ. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. सगळे विश्रामकडे बघत राहिले. पेटी त्यानं केली होती. तो एकदा चुकलो म्हणाला असता, तर त्याच संध्याकाळी माणसं अंगणात येऊन उभी राहिली असती. सगळी वाडी त्या एका शब्दासाठी थांबली होती.

विश्रामला ते कळत होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्याची नजर देवळाच्या भिंतीवरच्या ढालीकडे गेली. त्याला शाल आठवली, टाळ्या आठवल्या. चुकलो म्हटलं, तर काकी आपल्यामुळे तशी गेली असं होईल. ते त्याला सोसवेना. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "दोष पेटीचा नाही. पेटी अपुरी आहे. ती नुसतं आहात का विचारते. बरे आहात का, हेही तिनं विचारायला हवं. मी नवी पेटी करतो."

आणि वाडीनं सुटकेचा श्वास टाकला. हे ऐकून वाईट वाटेल, पण झालं ते असंच. पेटी अपुरी म्हटल्यावर माणसं पुरी ठरली. काकीकडे कुणीच का गेलं नाही, हा प्रश्न कुणी कुणाला विचारायची गरज उरली नाही. दोघेतिघे तर म्हणाले, विश्रामराव आहेत म्हणून वाडी आहे.

घरी आल्यावर शेवंतानं त्याला जेवायला वाढलं. ती स्वतः जेवली नाही. ती म्हणाली, "अहो, तिला पेटी नको होती. तिला तुम्ही हवे होतात." विश्राम खाली मान घालून जेवत राहिला.

नवी पेटी आली. ती सांगायची, "आहे, बरा आहे. तुम्ही बरे आहात ना?" पलीकडची पेटी सांगायची, बरा आहे, बरी आहे. अख्खा डोंगर रोज संध्याकाळी बरा असायचा. काकीचं घर गाळून तिच्या वरच्या घराची पेटी थेट विश्रामच्या पेटीला जोडली. रिकाम्या घराच्या अंगणात रान माजलं.

दिवस गेले. शेवंता मुलीच्या बाळंतपणासाठी शहरात जायला निघाली. सडकेवर गाडीची वाट बघताना तिनं विश्रामला एकच गोष्ट सांगितली. मी नसेन तोवर पेटी काढून ठेवा, निदान तुम्ही तरी आपल्या तोंडानं बोला. विश्राम बरं म्हणाला. घरी येऊन त्यानं पेटीकडे पाहिलं. ती काढायची म्हणजे रोज संध्याकाळी उठणं आलं. उद्या बघू, असं म्हणून तो आत गेला.

एके दिवशी दुपारच्या उन्हात तो खालच्या बागेत काजूच्या रोपांना पाणी सोडायला उतरला. फोन पडवीत चार्जिंगला लावलेला होता. वाटेत एक गडगा ओलांडायचा होता. वाटेवर गवत एवढं माजलं होतं, की दगड किती सुटलेत हे दिसत नव्हतं. त्यानं पाय टाकला, आणि गडगा त्याच्यासकट खाली आला. मोठा दगड मांडीवर पडला. विश्रामच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

भानावर आल्यावर त्यानं दगड हलवून पाहिला. तो हलला नाही. मग तो ओरडायला लागला. तात्याला हाक मारली, तात्याच्या सुनेला हाक मारली, देवीला हाक मारली. दुपारची वेळ. कुणी निजलेलं, कुणी टीव्ही लावून बसलेलं. ओरडून ओरडून त्याचा घसा सुकला, आणि उन्हं कलली तोवर त्याचा आवाज पार बसला. मांडीखालची माती ओली झाली होती.

तेव्हा त्याच्या मनात आलं, थोडा दम धरू, दिवेलागण होईल. हाक येईल, आपल्या घरातून उत्तर जाणार नाही, आणि वाडी धावत येईल. लहानपणी त्यानं असं धावताना पाहिलं होतं. हातात कंदील, पुढे तात्याचे वडील, मागे काठी घेऊन काकी. त्याला एवढा धीर आला, की त्यानं डोळे मिटून घेतले. पुढच्याच क्षणी त्यानं ते खाडकन उघडले. त्याला खांबावरची पेटी आठवली होती.

दिवेलागण झाली. हाक निघायला अजून थोडा वेळ होता. तो पडला होता तिथून तात्याच्या घराची पडवी थोडीशी दिसायची. विश्राम असेल नसेल तेवढी शक्ती गोळा करून कण्हला, "तात्या, मी पडलोय रे." ते माणसाला ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. पण पेटीचे कान तिखट. तात्याच्या पडवीतून तात्याचा आवाज आला, आहे, बरा आहे, तुम्ही बरे आहात ना?

"नाही रे," विश्राम म्हणाला. "मी बरा नाही."

पेटीनं पुन्हा तेच सांगितलं.

आणि तेवढ्यात तात्याची सून दिवा घेऊन पडवीत आली. ती थबकली. हाकेची वेळ व्हायच्या आधीच पेटी बोलली होती, म्हणून असेल, किंवा तिला खरंच काही ऐकू आलं असेल. ती पायरीपर्यंत आली, दिवा उंच धरून खालच्या बागेकडे बघत राहिली. विश्रामला ती स्पष्ट दिसत होती. त्यानं हात वर केला. गवत त्या हातापेक्षा उंच होतं. सून चपला पायात सरकवत होती. ती एक पायरी उतरली.

त्याच वेळी वरून हाक आली. आणि विश्रामच्या रिकाम्या घरातून, पडवीच्या खांबावरून, विश्रामचा आवाज साऱ्या उतारावर घुमला, "आहे, बरा आहे. तात्या, तुम्ही बरे आहात ना?"

सुनेनं मान वर करून विश्रामच्या घराकडे पाहिलं. तिची शंका फिटली. ती चपला काढून आत गेली.

विश्राम स्वतःचा आवाज ऐकत राहिला. पेटीत भरला तेव्हा तो घोटभर पाणी पिऊन, छाती भरून बोलला होता. धडधाकट माणसाचा आवाज होता तो. आता खाली पडलेल्या माणसाजवळ तसा आवाज नव्हता, आणि वर ज्याला आवाज होता त्याला मांडी नव्हती, दगड नव्हता, काही दुखत नव्हतं. काकीची त्याला फार आठवण झाली. सवड झाली की येऊन जा. किती वेळा म्हणाली असेल ती.

थोड्या वेळानं त्याच्या घरातला फोन वाजला. बराच वेळ वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. शेवंता रोज या वेळेला फोन करायची. मग तात्याच्या घरात फोन वाजला. तात्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून तो फोनवर मोठ्यानं बोलायचा. त्याचं बोलणं विश्रामला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"वहिनी, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता? आत्ताच त्याचा आवाज ऐकला मी. आहे, बरा आहे."

विश्राम रडला. कशासाठी रडला, तर दुखण्यासाठी नाही. तात्या खोटं बोलत नव्हता. वाडीत कुणीच खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांनी विश्रामचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. त्याला एकदा देवळातल्या त्या सभेत जाऊन उभं राहायचं होतं. चुकलो, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो शब्द त्यानं गवतात पडल्या पडल्या म्हटला. ऐकायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हाक निघाली. वरच्या घरातून विश्रामच्या घराला आली, तिथून उत्तर आलं, पुढे तात्याला गेली, ओहोळ ओलांडला, पलीकडच्या अंगानं चढली आणि वेळेवर पहिल्या घराला येऊन मिळाली. एकाही घराचं उत्तर चुकलं नाही. सडकेवर मोटार थांबवून कुणी पाहुणे ती ऐकत उभे होते. ते म्हणाले, अशी एकी आता कुठे बघायला मिळते? खाली पडलेल्या गडग्यापाशी विश्राम निपचित पडला होता. त्याला आता कुठलीच हाक ऐकू जात नव्हती.

तात्पर्य: 'मी आहे' हे सांगायला पेटी पुरते, पण समोरचा खरंच आहे का हे बघायला माणसालाच उठून जावं लागतं. एकमेकांकडे जाण्याचा त्रास ज्या वाडीनं वाचवला, तिला शेवटी माणूस वाचवता आला नाही.